विश्लेषण : न्यूकॅसलची ७० वर्षांची प्रतीक्षा संपवणारा लीग चषक… ‘दुय्यम’ स्पर्धेचा हंगाम इतका महत्त्वाचा का ठरला?

इंग्लिश फुटबॉलमध्ये सर्वांत कमी महत्त्वाचा करंडक कोणता, असे विचारले तर बहुतेक जण लीग चषकाचे नाव घेतात. प्रायोजकाच्या नावाने सध्या काराबाओ चषक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत बडे संघ सुरुवातीला राखीव खेळाडू उतरवतात. मात्र, वेम्बलीवर १६ मार्च २०२५ रोजी न्यूकॅसल युनायटेडने गतविजेत्या लिव्हरपूलला २-१ असे नमवून हाच चषक उंचावला, तेव्हा मैदानावर प्रौढ माणसे रडताना दिसली. न्यूकॅसलने यापूर्वीची मोठी देशांतर्गत स्पर्धा १९५५मध्ये जिंकली होती. या यशाचा अर्थ काय, त्यात पैशाचा वाटा किती आणि या स्पर्धेचे भवितव्य काय, याचा आढावा.

अंतिम सामन्यात काय घडले?

लिव्हरपूलचा संघ प्रीमियर लीगमध्ये मोठ्या आघाडीसह अव्वल स्थानी होता. त्यामुळे अंतिम सामन्यात त्याचेच पारडे जड मानले जात होते. न्यूकॅसलकडे निलंबित अँथनी गॉर्डन नव्हता, तर डावा बचावपटू लुईस हॉल आणि मध्यबचावपटू स्वेन बोटमन दुखापतग्रस्त होते. पण सामना सुरू झाला आणि चित्र उलटे दिसू लागले. जोएलिंटन, ब्रूनो गिमारेस आणि सँड्रो टोनाली या मध्यरक्षकांच्या त्रयीने लिव्हरपूलला चेंडूवर स्थिरावूच दिले नाही.

मध्यंतराच्या उंबरठ्यावर, ४५व्या मिनिटाला किरन ट्रिपियरने घेतलेल्या कॉर्नरवर डॅन बर्नने डोक्याने जोरदार गोल केला. दोन मीटरहून उंच असलेल्या बर्नला रोखण्याची जबाबदारी त्याच्यापेक्षा कितीतरी बुटक्या अॅलेक्सिस मॅकअॅलिस्टरवर होती. उत्तरार्धाच्या सुरुवातीला अलेक्झांडर इसाकचा एक गोल ऑफसाइडमुळे बाद झाला. पण ५२व्या मिनिटाला टिनो लिव्हरामेंटोचा लांब क्रॉस जेकब मर्फीने डोक्याने खाली आणला आणि इसाकने चेंडू जाळ्यात धाडला. भरपाई वेळेत फेडेरिको किएसाने लिव्हरपूलकडून एक गोल फेडला, तरी तोवर उशीर झाला होता. त्या हंगामात धडाक्यात गोल करणाऱ्या मोहम्मद सलाहला संपूर्ण सामन्यात एकही फटका मारता आला नाही.

लिव्हरपूलच्या थकव्याचाही मुद्दा होता. पाचच दिवसांपूर्वी अॅनफिल्डवर पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध १२० मिनिटे खेळून हा संघ पेनल्टी शूटआऊटमध्ये चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडला होता. उजवा बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डही दुखापतीमुळे खेळू शकला नाही. तरीही न्यूकॅसलचा विजय निव्वळ या कारणांनी झाला, असे सामना पाहिलेल्या कोणालाही म्हणता येणार नाही.

लीग चषक ही नेमकी कोणती स्पर्धा आहे?

इंग्लंडमध्ये देशांतर्गत तीन मोठे करंडक आहेत. पहिला अर्थातच साखळी स्पर्धेचा, म्हणजे प्रीमियर लीगचा. दुसरा एफए चषकाचा. त्यात हौशी क्लबांपासून सर्वांनाच प्रवेश असतो आणि ही स्पर्धा १८७१पासून खेळवली जाते. तिसरा लीग चषक. त्यात प्रीमियर लीगचे २० आणि इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन विभागांचे ७२ असे केवळ ९२ व्यावसायिक क्लब खेळतात.

ही स्पर्धा १९६०-६१च्या हंगामात सुरू झाली. फुटबॉल लीगचे तत्कालीन सचिव अॅलन हार्डेकर यांचा त्यासाठी आग्रह होता. त्या सुमारास बहुतेक मैदानांवर प्रकाशझोत बसले होते आणि त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सामने भरवणे शक्य झाले होते. शनिवारच्या सामन्यांव्यतिरिक्त लहान क्लबांच्या गल्ल्यात चार पैसे पडावेत हा त्यामागचा व्यवहार. अनेक बड्या क्लबांनी सुरुवातीला या स्पर्धेकडे पाठ फिरवली. अंतिम फेरीही तेव्हा दोन टप्प्यांत, दोन्ही संघांच्या मैदानांवर होत असे. पहिला विजेता अॅस्टन व्हिला ठरला. त्याने रॉदरहॅम युनायटेडला एकूण ३-२ असे हरवले होते.

अंतिम सामना १९६७पासून वेम्बलीवर खेळवला जाऊ लागला. त्याच काळात विजेत्यासाठी युरोपीय स्पर्धेचे दारही उघडले आणि मग बड्यांचा सूर बदलला. वेम्बलीवरील त्या पहिल्याच अंतिम सामन्यात तिसऱ्या विभागातील क्वीन्स पार्क रेंजर्सने दोन गोलची पिछाडी भरून काढत वेस्ट ब्रॉमविचला ३-२ असा धक्का दिला. प्रायोजकाचे नाव मिरवणारी ही इंग्लंडमधील सुरुवातीच्या मोठ्या स्पर्धांपैकी एक. १९८०च्या दशकात ती चक्क ‘मिल्क कप’ होती! काराबाओ ही थायलंडची ऊर्जापेय कंपनी २०१७-१८च्या हंगामापासून प्रायोजक आहे.

मग तिला दुय्यम का मानले जाते?

पहिले कारण पैसा. विजेत्याला मिळणारी बक्षीस रक्कम सुमारे एक लाख पौंड आहे. प्रीमियर लीगमधील आघाडीच्या खेळाडूचा आठवड्याचा पगार याहून अधिक असतो. दुसरे कारण युरोप. या चषकाचा विजेता कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत जातो. युरोपीय क्लब स्पर्धांमधील ही तिसरी पायरी. चॅम्पियन्स लीगमध्ये स्थान मिळवू पाहणाऱ्या क्लबांना या पायरीचे फारसे अप्रूप नाही. तिसरे कारण वेळापत्रक. डिसेंबर-जानेवारीत सामन्यांची गर्दी असताना उपांत्य फेरी आजही दोन टप्प्यांत खेळवली जाते.

असे असूनही करंडक कोणाच्या कपाटात गेला हे पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. स्वान्सी सिटीने २०१३मध्ये हा चषक जिंकला. त्यानंतरच्या ११ हंगामांत मँचेस्टर सिटीने सहा वेळा, मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूलने प्रत्येकी दोनदा, तर चेल्सीने एकदा बाजी मारली. म्हणजे ‘नको असलेला’ करंडकही चारच क्लबांमध्ये फिरत होता. मोठ्या संघाचे राखीव खेळाडूही लहान संघाच्या मुख्य खेळाडूंपेक्षा महाग असतील, तर चषक स्पर्धेतील अनिश्चितताही हळूहळू संपते. न्यूकॅसलने खंडित केली ती ही साखळी.

२०२४-२५चा हंगाम वेगळा का होता?

चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीगचे स्वरूप याच हंगामात बदलले. गटांऐवजी एकच मोठी साखळी आली, प्रत्येक संघाचे सामने सहावरून आठ झाले आणि ही साखळी जानेवारीपर्यंत लांबली. त्याची झळ लीग चषकाला बसली. तिसरी फेरी एकाच आठवड्यात उरकणे अशक्य झाल्याने ती सप्टेंबरच्या दोन आठवड्यांत विभागावी लागली. युरोपात खेळणाऱ्या क्लबांचे वेळापत्रक सांभाळण्यासाठी सोडतीतही काही संघ एकमेकांसमोर येणार नाहीत, अशी तजवीज करण्यात आली.

युरोपात खेळणारे सात क्लब थेट तिसऱ्या फेरीत दाखल झाले. प्रीमियर लीगच्या उरलेल्या १३ क्लबांनी दुसऱ्या फेरीपासून सुरुवात केली. न्यूकॅसल या १३ जणांत होता आणि त्यालाही एक कारण आहे. आदल्या हंगामात हा संघ सातवा आला होता. पण आठव्या क्रमांकावरील मँचेस्टर युनायटेडने अनपेक्षितपणे एफए चषक जिंकून युरोपा लीगचे स्थान मिळवले आणि न्यूकॅसलच्या तोंडचा युरोपचा घास हिरावला गेला. तेव्हा ही मोठी हानी वाटली होती. प्रत्यक्षात वर्षभर आठवड्याचे मधले दिवस मोकळे मिळाले आणि लीग चषकात पूर्ण ताकदीचा संघ खेळवणे प्रशिक्षक एडी हाव यांना परवडले.

याच स्पर्धेत एक नवी प्रथाही सुरू झाली. टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्यातील उपांत्य फेरीच्या पहिल्या टप्प्यात पंच स्टुअर्ट अॅटवेल यांनी ‘व्हीएआर’नंतरचा आपला निर्णय ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगितला. इंग्लिश फुटबॉलमध्ये असे प्रथमच घडले.

न्यूकॅसलचा मार्ग कसा होता?

सोपा तर अजिबात नव्हता. दुसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर पहिल्याच मिनिटाला जो विलॉकने गोल केला, पण सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि न्यूकॅसलला पेनल्टीवर ४-३ असा निसटता विजय मिळाला. सट्टेबाजीच्या प्रकरणात दहा महिन्यांची बंदी भोगून टोनाली याच सामन्यात मैदानावर परतला. पुढे अंतिम सामन्यात मधल्या फळीचा कणा ठरलेल्या खेळाडूच्या दृष्टीने ही स्पर्धा म्हणजे पुनरागमनाचीच कहाणी होती.

तिसऱ्या फेरीत चौथ्या श्रेणीतील एएफसी विम्बल्डनशी त्यांच्या मैदानावर गाठ होती. या क्लबने आधीच्या फेरीत प्रीमियर लीगमधील इप्सविचला बाहेर काढले होते. पण मुसळधार पावसाने आलेल्या पुरात विम्बल्डनचे मैदान खचले आणि सामना न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर हलवावा लागला. तो न्यूकॅसलने फॅबियन शेअरच्या पेनल्टीवर कसाबसा १-० असा जिंकला. लहान क्लबला बड्या पाहुण्यांना घरच्या मैदानावर गाठण्याची संधी क्वचित मिळते. विम्बल्डनकडून ती निसर्गाने हिरावली.

त्यानंतर मात्र संघाने वेग घेतला. चौथ्या फेरीत चेल्सीवर २-० आणि उपांत्यपूर्व फेरीत टोनालीच्या दोन गोलांच्या जोरावर ब्रेंटफर्डवर ३-१ अशी मात केली. उपांत्य फेरीत आर्सेनलला त्यांच्या घरी आणि आपल्या घरी, दोन्ही वेळा २-० असे नमवले. लिव्हरपूलने दुसरीकडे वेस्ट हॅम, ब्रायटन आणि साउदॅम्प्टनचा अडथळा दूर केला होता. उपांत्य फेरीचा पहिला टप्पा गमावल्यावर त्याने टॉटनहॅमचा ४-० असा फडशा पाडला होता. म्हणजेच न्यूकॅसलने विजेतेपदाच्या वाटेवर चेल्सी, आर्सेनल आणि लिव्हरपूल या तिघांना पराभूत केले. नशिबाने मिळालेला चषक असे त्याला म्हणता येत नाही.

सत्तर वर्षे इतकी जड का झाली?

न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठचे शहर. कोळसा आणि जहाजबांधणीवर ते वाढले आणि हे दोन्ही उद्योग बसल्यावर त्याने वाईट दिवसही पाहिले. शहराचा मोठा क्लब एकच. त्यामुळे मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा लंडनसारखी निष्ठांची विभागणी तिथे नाही. सुमारे ५२ हजार क्षमतेचे सेंट जेम्स पार्क शहराच्या अगदी मध्यावर आहे.

या क्लबने १९५१, १९५२ आणि १९५५ असा तीनदा एफए चषक जिंकला. त्यानंतर १९६९मध्ये इंटर-सिटीज फेअर्स चषक हे युरोपीय यश मिळाले. पण देशांतर्गत पाटी कोरीच राहिली. एफए चषकाचे १९७४, १९९८ आणि १९९९चे अंतिम सामने आणि लीग चषकाचे १९७६ आणि २०२३चे अंतिम सामने असे पाच पराभव पदरी पडले. केव्हिन कीगन यांच्या संघाने १९९५-९६मध्ये प्रीमियर लीगमध्ये १२ गुणांची आघाडी घेऊनही जेतेपद गमावले. याच मातीतला अॅलन शिअरर १९९६मध्ये दीड कोटी पौंडांच्या तत्कालीन विश्वविक्रमी रकमेला घरी परतला, क्लबसाठी २०६ गोल केले, प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. पण न्यूकॅसलकडून एकही करंडक त्याच्या हाती लागला नाही. पुढे माइक अॅशली यांच्या मालकीच्या काळात हा क्लब २००९ आणि २०१६ असा दोनदा खालच्या श्रेणीत घसरला.

या पार्श्वभूमीवर पहिला गोल डॅन बर्नने करावा, याला वेगळे महत्त्व होते. बर्न न्यूकॅसलजवळच्या ब्लाइदचा. लहानपणापासून या क्लबचा चाहता. मात्र, क्लबच्या युवा व्यवस्थेने त्याला कोवळ्या वयातच नाकारले. सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करण्याचे काम करत तो खालच्या श्रेणीत खेळला. डार्लिंग्टन, फुलहॅम, विगन, ब्रायटन असा प्रवास करत तो २०२२मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर घरी आला. अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी, वयाच्या ३२व्या वर्षी त्याची इंग्लंडच्या संघात पहिल्यांदा निवड झाली होती.

हे यश सौदी पैशाचे आहे का?

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने ऑक्टोबर २०२१मध्ये ३० कोटी ५० लाख पौंडांना हा क्लब विकत घेतला. सौदी राजसत्ता क्लबचे नियंत्रण करणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे प्रीमियर लीगने तेव्हा सांगितले. मानवी हक्क संघटनांनी मात्र देशाची प्रतिमा उजळण्यासाठी खेळाचा वापर होत असल्याचा आरोप केला आणि तो आजही कायम आहे. न्यूकॅसलच्या अनेक चाहत्यांनाही या मालकीमुळे अवघडल्यासारखे होते. बहुसंख्यांनी मात्र अॅशली गेल्याचा आनंद साजरा केला.

मैदानावरचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. वेम्बलीवर उतरलेल्या पहिल्या अकरा जणांपैकी शेअर, जोएलिंटन आणि मर्फी हे तिघे सौदी मालकीच्या आधीपासून संघात होते. उरलेले आठ जण नव्या मालकांच्या काळात आले. त्यात सुमारे सहा कोटी पौंडांना आलेला इसाक आहे, तसाच सव्वा कोटी पौंडांच्या आसपास मिळालेला बर्नही. पैसा नसता तर इसाक, गिमारेस, टोनाली आले नसते, हे उघड आहे.

दुसरी बाजू अशी की, प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या आर्थिक नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा दाखवता येत होता. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्यापुढे त्याचे हात बांधलेले होते. या नियमात बसण्यासाठी न्यूकॅसलला २०२४च्या उन्हाळ्यात क्लबच्या अकादमीत घडलेला एलियट अँडरसन आणि यांकुबा मिंटे हे तरुण खेळाडू विकावे लागले. बचावपटू मार्क गुएहीसाठीचे प्रयत्न फसले. जानेवारीत मिगेल अल्मिरॉनही गेला. अंतिम सामन्याच्या पहिल्या अकरांत त्या हंगामात नव्याने दाखल झालेला एकही खेळाडू नव्हता. याचे श्रेय हाव यांना द्यावे लागते. नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा संघाने साखळीत एकही विजय मिळवला नव्हता आणि तो १९व्या स्थानी होता. पैशाने दार उघडले, पण आतली मांडणी प्रशिक्षकाची, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाणारे आहे.

हाव यांचे यश आणखी एका अर्थाने दुर्मीळ आहे. मोठी देशांतर्गत स्पर्धा जिंकणारा यापूर्वीचा इंग्लिश प्रशिक्षक म्हणजे हॅरी रेडनॅप. त्यांनी २००८मध्ये पोर्टस्मथला एफए चषक जिंकून दिला होता. लीग चषकापुरते पाहिले, तर २००४मध्ये मिडल्सब्रोच्या स्टीव्ह मॅकलॅरेन यांच्यापर्यंत मागे जावे लागते.

लीग चषकाचे भवितव्य काय?

ही स्पर्धा बंद करावी किंवा युरोपात खेळणाऱ्या क्लबांना तिच्यातून सूट द्यावी, अशी सूचना अधूनमधून होते. उपांत्य फेरी एकाच सामन्याची करावी, हीही जुनी मागणी आहे. खालच्या श्रेणीतील क्लबांना मात्र यातील प्रत्येक सूचना धास्तीची वाटते. तिकीटविक्रीचे उत्पन्न दोन्ही संघांत वाटले जाते. त्यामुळे बड्या क्लबच्या मैदानावरील एक रात्र लहान क्लबच्या काही महिन्यांच्या खर्चाची सोय करू शकते. एफए चषकातील बरोबरीनंतर पुन्हा सामना खेळवण्याची पद्धत २०२४-२५च्या हंगामापासून पहिल्या फेरीपासूनच रद्द झाली. तिथली कमाई बुडाल्याने लीग चषकाचे मोल या क्लबांसाठी उलट वाढले आहे.

बड्यांना ही स्पर्धा ओझे वाटते, लहानांना तिच्यावाचून भागत नाही आणि मधल्या क्लबांसाठी करंडकाकडे जाणारी हीच सर्वांत जवळची वाट आहे. न्यूकॅसलच्या विजयाने या तिसऱ्या गटाला बळ मिळाले आहे. साखळीत ३८ सामन्यांनंतर अव्वल येण्याइतका मोठा संघ ज्यांना उभारता येत नाही, त्यांना सहा-सात सामने नीट खेळून इतिहास घडवता येतो, हे २०२४-२५च्या हंगामात दिसले. पण त्यासाठी या सामन्यांत पहिल्या पसंतीचा संघ उतरवावा लागतो. प्रीमियर लीगमध्ये आठव्या की दहाव्या क्रमांकावर राहायचे, यातील बक्षीस रकमेचा फरक पाहून अनेक क्लब तसे करत नाहीत. दुसऱ्या फेरीचे संघ जाहीर होतात, तेव्हा त्यांनी न्यूकॅसलकडून काही घेतले की नाही, हे कळते.